सोमवारी साताऱ्यात मुलाखत आहे आणि हात थरथरतात. काय करू?

मायक्रॉन_तासगाव (गुरुवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

तासगाव तालुक्यातला आहे, वय २६, मेकॅनिकल डिप्लोमा. तीन वर्षं झाली, कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला इन्स्पेक्शनला आहे, ठेकेदारामार्फत. हातात १४,५०० येतात. येत्या सोमवारी सकाळी १० ला साताऱ्यात एका कंपनीत मुलाखत आहे. क्वालिटीत, कायम जागा. फोन आला तेव्हा आनंद झाला, तो समोरचा चहा गार होईपर्यंतच टिकला. तेव्हापासून पोटात गोळा आहे तो आहेच.

भीती कशाची ते सांगतो. दिवाळीनंतर एका ठिकाणी मुलाखतीला गेलो होतो, नाव नको. तिघं बसलेले. मधल्या साहेबांनी काही न बोलता मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं हत्यार) माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, 'याचा लीस्ट काउंट?' म्हणजे यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप. आता हे म्हणजे ड्रायव्हरला क्लच कुठला विचारण्यासारखं. एका शिफ्टला दोनशे जॉब मोजतो मी. (आमच्यात मशीनवरच्या नगाला जॉबच म्हणतात. म्हणून घरी कुणी 'जॉबचं काय झालं' विचारलं की मला आधी शाफ्टच आठवतो.) आणि डोकं कोरं. मायक्रोमीटर उचलला तर बोटं एवढी ओली की थिंबल (त्याची फिरवायची नळी) नीट फिरेना, आणि हात हलत असल्यानं लोखंडावर लोखंड टिकटिक वाजायला लागलं. शांत खोलीत तो आवाज. साहेब शेजारच्याकडं बघून हसले, म्हणाले, 'तीन वर्षं काय झाडू मारत होतास?'

बाहेर पडलो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सगळं आठवलं. थिंबलवर ५० घरं, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर पुढं, म्हणजे ०.०१. तिथंच उभा राहिलो. परत वर जाऊन सांगावं असंसुद्धा वाटलं, येडं वाटलं असतं.

आता सोमवारी पुन्हा तेच होणार असं डोक्यात बसलंय. पहाटे ४ ला जाग येते. वही काढून वाचतो, सगळं येतं. मिटली की पुन्हा छातीत धडधड.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मित्र म्हणतो की बीपीची एक गोळी असते, मुलाखतीच्या तासभर आधी घेतली की हात थरथरत नाहीत, त्याच्या भावानं घेतली होती. दोन गोळ्या त्यानं दिल्यात पण. घ्यावी का? लहानपणी दमा होता, आता एवढा नाही, थंडीत पंप लागतो कधीतरी.

दुसरं, रविवारीच साताऱ्याला जावं की सोमवारी पहाटे निघावं? शाहूपुरीत मावशी आहे. पण तिच्याकडं गेलं की अख्ख्या गल्लीला कळणार मी कशासाठी आलोय.

घरात सांगून उपयोग नाही. बेदाण्याचं चालू आहे, सगळी शेडवर. आई म्हणते देवावर हवाला ठेव, बाबा म्हणतात बागेत काम कमी आहे काय.

जय_१९ (शुक्रवार, सकाळी ७.०५)

भावा टेन्शन नको घेऊ. पॉझिटिव्ह राहा, कॉन्फिडन्स ठेव, यूट्यूबवर व्हिडिओ बघ. होऊन जाईल. 👍

मायक्रॉन_तासगाव (शुक्रवार, सकाळी ७.२०)

धन्यवाद भावा. व्हिडिओ ११ बघितले. त्यातल्या एकात म्हणे खुर्चीत असं बसा, दुसऱ्यात म्हणे तसं अजिबात बसू नका.

मिरज_मेडिकल (शुक्रवार, सकाळी ९.१५)

आधी गोळीचं. घेऊ नका. नाव लिहिलेलं नाही, पण तुमचा मित्र बहुतेक प्रोप्रॅनोलॉलबद्दल बोलतोय. हृदयाचे ठोके आणि थरथर कमी करते हे खरं. पण ती श्वासनळ्या आवळू शकते, आणि दमा असलेल्या, अगदी पूर्वी होता अशा माणसालाही त्यातून दम लागू शकतो. वर दम्याच्या पंपातलं औषध जिथं काम करतं तीच जागा ही अडवून धरते, म्हणजे ऐनवेळी पंप मारलात तरी पुरता लागू पडेल याची खात्री नाही. माझं मिरजेत दुकान आहे, परीक्षेच्या दिवसांत पोरं चिठ्ठीशिवाय मागायला येतात, मी परत पाठवतो. त्या दोन गोळ्या मित्राला परत द्या. पंप मात्र खिशात ठेवा.

हात गार आणि ओले होतात, तोंड कोरडं पडतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं, हे सगळं अॅड्रेनॅलिनचं काम. शरीराला वाटतं मागं कुत्रं लागलंय, म्हणून कातडीकडचं रक्त आखडून मोठ्या स्नायूंकडं पाठवतं. बोटं गार पडतात ती त्यामुळं, तुमच्यात काही खोट आहे म्हणून नाही. यावर ताबडतोब चालणारी एकच किल्ली आपल्या हातात आहे: श्वास. श्वास सोडताना ठोके थोडे मंदावतात. म्हणून घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा-सात. नाकानं घ्या, ओठ बारीक करून सोडा, कढत चहावर फुंकर मारतो तसं. पाच मिनिटं. पण हे सोमवारीच पहिल्यांदा करू नका. आजपासून रात्री झोपताना करा, म्हणजे शरीराला ओळख राहील.

आणि कॉफी-चहा. कॉफी घेतल्यावर पाच तासांनीसुद्धा साधारण निम्मं कॅफिन रक्तात असतं. सकाळी नेहमीचा एक कप घ्या, नाहीतर डोकं दुखेल. दुसरा नको.

कुपवाडची_ताई (शुक्रवार, दुपारी १.३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी कुपवाडलाच आहे, क्वालिटीत, १४ वर्षं. गेली पाच-सहा वर्षं मुलाखतीत टेबलाच्या पलीकडं बसते, त्यामुळं तिकडचं सांगते.

अरे, तुझ्या त्या साहेबांनी जे केलं ते चूक होतं. माणूस आत आल्या आल्या हातात मायक्रोमीटर देऊन हसणं ही परीक्षा नव्हे. पण असे भेटतात.

बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न 'स्वतःबद्दल सांगा' असतो. का असतो माहितेय? कारण आम्ही तुझा बायोडाटा तेव्हा पहिल्यांदा वाचत असतो. खरंच. सकाळपासून सहा जण झालेले असतात, मधे लाइनवरनं तीन फोन आलेले असतात. तू बोलतोस तेवढ्यात आम्ही खाली मान घालून कागद चाळतो. तेव्हा समोरचे बघत नाहीत म्हणून घाबरू नकोस.

आणि नुसत्या व्याख्या पाठ करून येऊ नकोस. मला विचारशील तर एक रिजेक्शनची गोष्ट तयार ठेव. तुझ्याच शॉपमधली, खरी. कुठला जॉब, कुठलं माप, किती नग बाद, कुणाच्या लक्षात आलं, मूळ कारण काय निघालं, नंतर काय बदललं. आकड्यासकट. त्या एका गोष्टीतून मला कळतं की पोरगं मशीनपाशी उभं राहिलंय की नुसतं रजिस्टर भरलंय. मागं एकानं सांगितलं होतं, सकाळच्या पहिल्या तासातलेच नग मोठे यायचे, कारण मशीन गार असायची आणि ऑपरेटर ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) तापल्या मशीनचा ठेवायचा. त्याला सीपीके (मापं ठरलेल्या मर्यादेत किती नीट बसतात त्याचा आकडा) सांगता आला नाही. आम्ही त्याला घेतला.

सीपीके विचारतीलच, तेव्हा एवढं ध्यानात ठेव: सीपी म्हणजे मापं किती पसरलीत, सीपीकेत त्याबरोबर ती मध्यापासून किती सरकलीत तेही येतं. गेज आर अँड आर, म्हणजे हत्यारामुळं आणि मोजणाऱ्यामुळं मापात पडणारा फरक, विचारलं तर १० टक्क्यांच्या आत चांगलं, ३० च्या वर चालत नाही, मधलं परिस्थिती बघून. मायक्रोमीटर-व्हर्निअर तर तुला येतंच. फक्त ते तुझ्या हाताला येतं, तोंडाला येत नाही. तीन वर्षांत ०.०१ हा शब्द किती वेळा उच्चारलास? शून्य वेळा, खात्रीनं सांगते. शॉपवर कोण विचारतंय. तेव्हा वही मिट आणि कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांग. मनातल्या मनात नाही, तोंडानं. ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस धर.

प्रवासाचं: रविवारीच जा. हायवेचं सहापदरीकरण चालू आहे, कऱ्हाडजवळ कधी किती वेळ जाईल नेम नाही. रेल्वेनं गेलास तर सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडं आहे, तिथून पुन्हा रिक्षा. मावशीची गल्ली परवडली.

विंगेतला (शुक्रवार, रात्री १०.५०)

मुलाखतीतलं मला काही कळत नाही, मी बँकेत कॅशियर. पण थरथरत्या हातांचा अनुभव दांडगा आहे. २२ वर्षं हौशी नाटकात काम करतोय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून या गावात लोक तोंडाला रंग लावून घाबरत आलेत, तू एकटा नाहीस.

माझ्या पहिल्या स्पर्धेच्या प्रयोगात मी नोकर होतो. वाक्यं दोन. ट्रेमधून चहा आणायचा. विंगेतून पाऊल टाकलं आणि कप बशीवर खडखड खडखड. भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेला ऐकू गेलं म्हणे. लोक हसले, प्रसंग होता मयताचा. दुसऱ्या दिवशी तालमीत आमचे दिग्दर्शक मला वाटलं झापणार. ते एवढंच म्हणाले, 'हात थरथरणारच. आवाज होता कामा नये.' आणि त्यांनी बशीत ओल्या फडक्याची घडी ठेवली, वर कप. आणि ट्रेचा कोपरा बरगडीला टेकवून चाल म्हणाले. पुढच्या प्रयोगाला हात तेवढेच थरथरत होते. कुणाला कळलं नाही.

म्हणून तुला सांगतो, थरथर थांबवायच्या नादाला लागू नकोस. तुझं हत्यार मोजायला देतील तेव्हा आधी कोपर टेबलाला टेकव, मनगट टेकव, मग उचल. खिशात सुती रुमाल ठेव, बोटं पूस. घाबरल्यामुळं पुसतोय असं कुणाला वाटणार नाही, मापाचं हत्यार हाताळायच्या आधी हात पुसतातच की.

दुसरं, पहिलं वाक्य तेवढं घट्ट पाठ कर, झोपेतून उठवलं तरी यावं असं. बाकीचं पाठ करू नकोस. एंट्रीचं वाक्य नीट गेलं की पुढची गाडी आपोआप लागते, हे मी स्वतः शंभरदा बघितलंय. आणि विसरलास तर गप्प उभा राहा. आम्ही त्याला जागा घेणं म्हणतो. आपल्याला वाटतं पाच मिनिटं गेली, प्रेक्षकांना तीन सेकंद.

कुपवाडची_ताई (शुक्रवार, रात्री ११.१०)

मनगट टेकवायचं बरोबर सांगितलंत दादा. तसंही तीच पद्धत आहे, शॉपवर गडबडीत कुणी पाळत नाही एवढंच.

मिरज_मेडिकल (शनिवार, सकाळी ८.४०)

विंगेतले म्हणतात त्याला आधार आहे. २०१४ मध्ये हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी प्रयोग केले होते. भाषणाआधी, गाण्याआधी स्वतःला 'मी शांत आहे' म्हणायला लावलेल्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणायला लावलेल्यांचं काम चांगलं झालं. धडधडत असताना शांत आहे म्हणणं मनाला पटत नाही, हुरूप आलाय हे पटतं, कारण त्यातही धडधडतंच. आमच्या दुकानातल्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, 'हे तर आम्ही कुस्तीच्या आधी शड्डू ठोकून करतो.'

मायक्रॉन_तासगाव (मंगळवार, रात्री ९.३०)

झाली मुलाखत. सगळ्यांचे आभार, आता सविस्तर.

गोळ्या शनिवारीच मित्राला परत दिल्या. त्याला राग आला थोडा.

मोठ्यानं समजावून सांगायला माणूस कोण, तर आजी. शनिवारी रात्री शेडवर राखणीला दोघंच होतो. बेदाण्याचा वास, वर बल्ब, आजी बाजेवर. मी तिला व्हर्निअर समजावला. म्हटलं, आजी, हे बघ, ४९ मिलिमीटर लांबीचे ५० भाग केलेत, म्हणून एक घर ०.९८ चं. मोठ्या पट्टीवरचं घर १ चं. दोन्हीतला फरक ०.०२. एवढं बारीक हे मोजतंय. पहिल्या वेळी माझंच तीनदा अडखळलं, म्हणजे ताई म्हणतात ते खरं होतं, तोंडाला सवयच नव्हती. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सोनाराच्या काट्यावानी म्हण की. पर लोखांड एवढं बारीक मोजून करायचं काय? ते काय इकायचंय तोळ्यावर?'

मग तिला बेअरिंग सांगितलं. दांडा जाडा झाला तर आत जाणार नाही, बारीक झाला तर आतल्या आत फिरून खाऊन टाकेल. ती म्हणाली, 'जात्याच्या खुट्यागत.' झालं. तिला कळलं, आणि तिला सांगता सांगता माझं मलाच नीट कळलं. रात्री १ पर्यंत तिनं माझ्याकडनं टॉलरन्स (मापात चालणारा फरक), गो-नोगो गेज (नग चालेल की बाद ते सांगणारं) सगळं वदवून घेतलं. मधेमधे डुलकी काढायची, पण मी थांबलो की 'हं, फुडं' म्हणायची.

रविवारी दुपारी एसटीनं गेलो. पेठनाक्यापर्यंत ठीक, कऱ्हाडला पाऊण तास गाडी मुंगीसारखी. सोमवारी पहाटे निघालो असतो तर मेलो असतो. मावशीनं अपेक्षेप्रमाणं शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, त्या सकाळी दहीसाखर घेऊन आल्या. खाल्लं. अजिंक्यतारा दिसत होता खिडकीतनं, त्याच्याकडं बघत फुंकर मारल्यासारखे श्वास सोडत बसलो. मावशीला वाटलं मला दम लागलाय, पंप घेऊन आली.

पाचच मिनिटं उशिरा आत घेतलं. दोघंच होते, एक पन्नाशीचे साहेब, एक मॅडम. 'स्वतःबद्दल सांगा,' आणि खरोखर दोघंही खाली मान घालून कागद वाचायला लागले! मला हसूच आलं, ताई. पहिलं वाक्य पाठ होतं ते गेलं, आणि मग आमच्या शॉपची रिजेक्शनची गोष्ट सांगितली. एका लॉटमध्ये ४०० पैकी ३७ नग ओव्हल आले होते. मशीन उघडायच्या गोष्टी चालल्या होत्या, शेवटी चकचा जबडा झिजलेला निघाला, ते सगळं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ऐकायला लागल्या.

मग साहेबांनी ड्रॉवरमधनं शाफ्ट काढला. ड्रॉइंग, व्हर्निअर, मायक्रोमीटर पुढं ठेवले. हात लगेच ओले. रुमाल काढला, पुसले, कोपर टेकवलं. ड्रॉइंगवर लिहिलेलं २५ एच६. सवयीनं हात व्हर्निअरकडं गेला होता, मधेच थांबला. आजीचा प्रश्न आठवला, एवढं बारीक मोजून करायचं काय. २५ ला एच६ म्हणजे मोकळीक १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि व्हर्निअरचं एक घरच २० मायक्रॉनचं. म्हटलं, 'सर, याच्यानं नको.' साहेब म्हणाले, 'मग कशानं?' मायक्रोमीटर उचलला. ते म्हणाले, 'त्याचं घर १० चं. १३ च्या मापाला १० ची पट्टी लावणार?'

इथं अडकलो. पुन्हा तसंच, डोकं कोरं. पण यावेळी म्हटलं, 'सर, एक मिनिट द्या.' 'घ्या,' म्हणाले. विंगेतले, ती तुमची जागा लै मोठी वाटली हो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मग सुचलं: एक मायक्रॉनचा डिजिटल घ्यायचा, नाहीतर रोजच्या उत्पादनाला स्नॅप गेज (दांड्यावर सरकवून माप मर्यादेत आहे का बघायचं). साहेबांनी मान हलवली. चांगलं का वाईट, कळलं नाही. तरी त्यांनी मायक्रोमीटरनंच मोजायला लावलं. मोजायच्या आधी शून्य तपासलं, आणि एक सांगतो, हात थरथरत होते. टिकटिक वाजलं नाही.

सीपीके विचारलंच नाही. गेज आर अँड आर विचारलं, टक्के सांगितले, पुढचं गणित येत नाही असं सरळ सांगून टाकलं. शेवटी 'कुपवाड का सोडताय' म्हटल्यावर मी पगाराचं जरा जास्तच बोललो, ठेकेदाराचीही थोडी उणीदुणी काढली. तिथं गप्प बसायला हवं होतं. मॅडमनी काहीतरी लिहिलं. ते काय असेल याच्यावर कालची रात्र गेली.

आठ-दहा दिवसांत कळवतो म्हणालेत.

येताना मावशीनं राजवाड्याजवळनं अर्धा किलो कंदी पेढे घ्यायला लावले. घरी आईनं डबा बघितला आणि डोळ्यांत पाणीच आणलं, तिला वाटलं झालं काम. सांगितलं, अगं साताऱ्याला गेलो होतो म्हणून आणलेत. तर तिनं डबा देवापुढं ठेवलाय, फोन आल्याशिवाय उघडायचा नाही म्हणते. त्यातले चार मी एसटीतच खाल्लेत, ते अजून तिला माहीत नाही.

कुपवाडची_ताई (मंगळवार, रात्री ९.५५)

ठेकेदाराबद्दल सगळेच बोलतात, त्याचं मनावर घेऊ नकोस. आजींना विचार, आमच्याकडं पॅनेलवर येतील का.